गठ्ठा सोडायला लावणारा प्रश्न

उन्हाळी सुट्टी संपत आली की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "पहिलीचा वर्ग मिळालाय, कोणकोणतं साहित्य करू?" मग फोटोंचा पाऊस. थर्माकोलचं झाड आणि त्याला लटकलेली मुळाक्षरं, चकचकीत कार्डशीटवर एक ते शंभर, लॅमिनेशन केलेली फळं, पक्षी, वाहनं. नव्यानं लागलेल्या पोरी अख्खी सुट्टी कात्री आणि फेविकॉल घेऊन बसतात. त्यांच्या हौसेचं मला कौतुक आहे. पण दरवेळी विचारावंसं वाटतं, बाई गं, यातलं पोरांच्या हातात किती जाणार? भिंतीवरचं झाड पोरं जूनमध्ये दोन दिवस बघतात. तिसऱ्या दिवसापासून ते झाड म्हणजे भिंतच.

मी सोलापुरात पूर्व भागात शिकवते. शाळा मनपाची, माध्यम मराठी, वर्ग बहुतेक वेळा पहिली नाहीतर दुसरी. वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलतात, थोडी कन्नड, आणि मैदानात सगळी मिळून सोलापुरी: "काय करूलालास बे?" कुणाच्या घरी माग, कुणाच्या घरी टॉवेलची शिलाई, कुणाची आई विड्या वळणारी. या घरांतून जे साहित्य फुकट येतं तेवढं कुठल्याही दुकानात मिळायचं नाही. माझ्या कपाटात रिकाम्या कांड्या आहेत, म्हणजे धोट्यात (मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे फिरतो तो) बसवून ज्यांच्यावरचं सूत मागावर विणलं जातं त्या. रंगीत सुताचे तुकडे आहेत. टॉवेल पॅक करायच्या पारदर्शक पिशव्या आहेत. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिका आहेत. शासनाकडून आलेली गणित पेटीही आहे आणि ती चांगली आहे, पण एका पेटीत चाळीस पोरं बसत नाहीत.

चिंचोक्यांबद्दल आताच सांगून टाकते, पहिलीला जूनमध्ये देऊ नका. नाकात जातात. झाकणं द्या.

आता मुद्द्याचं. साहित्य हातात दिलं म्हणजे गणित झालं, असं नसतं. पोरांनी वीस कांड्या मोजल्या, पुन्हा डब्यात टाकल्या, वर्ग शांत, बाई खूश. यात मोजणं पक्कं होतं, खोटं कशाला बोलू, पण पुढं काही सरकत नाही. वस्तू हातात असताना विचारलेला प्रश्न असा हवा की मुलाला ती वस्तू मोडावी, सोडावी किंवा जुळवावी लागेल. ती सोडल्याशिवाय उत्तरच निघू नये.

दुसरीची वजाबाकी घ्या. ३२ मधून ७ काढायचे. त्याआधी बरेच दिवस आम्ही दहा कांड्यांचे गठ्ठे बांधण्यात घालवलेले असतात. गठ्ठा सुतानंच बांधायचा, रबरानं नाही, कारण रबर तुटतं आणि पोरं त्याची बंदूक करतात. सुताची गाठ सरकफासाची, एक टोक ओढलं की सुटेल अशी. ही गाठ मला शिकवावी लागली नाही, मागाच्या घरातल्या पोरांनीच बाकीच्यांना शिकवली.

तर तीन गठ्ठे आणि दोन सुट्या कांड्या घेऊन एक मुलगी बसली. दोन सुट्या उचलून बाजूला ठेवल्या. मग थांबली. "बाई, संपल्या." मी काही बोलले नाही. शेजारचा म्हणाला, "गठ्ठ्यातल्या घे की बे." ती म्हणाली, "बांधलेलंय की." एक गठ्ठा तिनं उचलला, बोटानं आतली एक कांडी ढकलून बाहेर निघते का पाहिलं. निघेना, कारण गठ्ठा घट्ट. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी सुताचं टोक ओढलं आणि दहा कांड्या फरशीवर गडगडल्या, दोन तर बाकाखाली गेल्या. त्या आणल्या, पाच मोजून काढल्या, पाच उरल्या. "पंचवीस," ती म्हणाली, आणि लगेच पुन्हा मोजून पाहिलं, कारण विश्वास बसला नव्हता.

त्याच वेळी पलीकडच्या गटात एकानं वेगळं केलं. गठ्ठा आधीच सोडला, दोन सुट्यांत मिसळला, बारा झाल्या, त्यातल्या सात उचलल्या. पुस्तकात जी पद्धत येते, तिनाला काट मारून वर दोन आणि एककाच्या घरात बारा, ती ही. पहिल्या मुलीची पद्धत पुस्तकात नाही, पण तोंडी हिशोब करणारी मोठी माणसं बऱ्याचदा तिच्यासारखाच करतात: आधी तीसवर या, मग उरलेले पाच काढा. मी दोघांना उभं केलं आणि एकमेकांचं करून दाखवायला सांगितलं. फळ्यावर काट मारायची पद्धत त्यानंतर आली. "दशक सुटा केला" हे वाक्य पोरांनी कोरसमध्ये कितीही वेळा म्हटलं तरी कळत नाही. ज्यानं सुताचं टोक ओढलंय त्याला ते सांगावंही लागत नाही.

तिसराही एक होता. त्यानं तिन्ही गठ्ठे सोडले, सगळ्या बत्तीस कांड्या पसरल्या, सात काढल्या, उरलेल्या एकपासून पंचवीसपर्यंत मोजल्या. उत्तर बरोबर. वहीत बरोबरची खूणही मिळाली असती. पण त्याच्यासाठी गठ्ठा म्हणजे अजून दहा नाहीच, नुसतं बांधलेलं काहीतरी आहे. वही तपासून हे मला कधीच कळलं नसतं. त्याला मी वजाबाकीतून काढून पुन्हा गठ्ठ्यांवर बसवलं. "तीन गठ्ठे, न सोडता सांग किती" असं रोज थोडं थोडं.

डी.एड.ला आम्ही मानसशास्त्रज्ञ ब्रूनरचे शिकण्याचे टप्पे पाठ केले होते, कृती, चित्र, चिन्ह. पेपरात लिहिले, मार्क मिळाले, विसरलो. खरं सांगायचं तर मधला टप्पा सगळेच गाळतात. कांड्यांवरून थेट फळ्यावरच्या आकड्यांवर उडी. मी मध्ये पाटीवर चित्र काढायला लावते. गठ्ठा म्हणजे उभी रेघ, सुटी कांडी म्हणजे टिंब. रेघ सोडायची तर तिच्यावर काट मारायची आणि शेजारी दहा टिंबं द्यायची. हे करायला लागल्यावर काही पोरं आपणहून कांड्या मागणं बंद करतात. मग त्यांना कांड्या द्यायच्याही नाहीत.

आता संख्यांच्या नावांचं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं एकवीस-बावीसच्या जोडीनं "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची रीत दिली आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळात चर्चा, वाहिन्यांवर चर्चा, व्हॉट्सॲपवर विनोदांना ऊत. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांनी परोपरीनं समजावून सांगितलं की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांना सोपी वाट म्हणून ही रीत जोडीला दिली आहे. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार लोक नव्हते.

माझ्या वर्गात मात्र ही रीत नवी नव्हतीच. तेलुगूत पंचवीसला इरवै ऐदु म्हणतात, म्हणजे वीस आणि पाच. कन्नडमध्येही इप्पत्तैदु, तेच. दशक आधी, एकक मागून, जसं लिहितो तसंच. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना मागून. म्हणून माझ्याकडे "सत्तेचाळीस लिही" म्हटलं की हमखास काही पाट्यांवर ७४ उमटतात, कारण पोरानं आधी सात ऐकला आणि आधी सातच लिहिला. यात त्याचं डोकं कमी नाही, उलट कान तयार आहे. अशा वेळी मी कांड्या मांडायला लावते आणि आधी घरच्या भाषेत म्हणायला सांगते. चार गठ्ठे, सात सुट्या. "नलभै एडु." मग कार्डं: रुंद कार्डावर ४०, अरुंद कार्डावर ७. साताचं कार्ड चाळीसच्या शून्यावर ठेवलं की ४७ दिसतं, उचललं की खालचं ४० तसंच असतं. मराठी नाव सगळ्यात शेवटी, तेही मोठ्यानं आणि दोन-तीनदा. घरची भाषा वर्गात आली तर मराठी कच्ची राहील असं काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे.

सगळ्यात वाईट खोड एकोणतीसची. पोरं ३१ लिहितात. एकतीस आणि एकोणतीस कानाला जवळजवळ सारखंच. इथं तीन गठ्ठे मांडायचे आणि एका गठ्ठ्यातून एकच कांडी काढून खिशात टाकायची. तीसला एक कमी. खिसा महत्त्वाचा आहे, कारण पुढं एकोणचाळीस म्हटलं की पोरांचे हात आपोआप खिशाकडे जातात. हे एकोणनव्वदपर्यंत चालतं आणि नव्याण्णवला फसतं. तेव्हा पोरं चिडतात, "बाई, हे एकोणशंभर का नाही?" मलाही तसंच वाटतं, असं सांगून मोकळी होते.

एका संख्येला मात्र आमच्याकडे कुणी चुकत नाही. अडुसष्ट. सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं सोलापूरच्या पोराला पाळण्यापासून ऐकून माहीत. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक या लिंगांना तैलाभिषेक करायला निघते, तेव्हा निम्मा वर्ग कुणाच्या तरी खांद्यावर बसून ती बघून आलेला असतो. त्यामुळं ६८ हा माझा हुकमी आकडा. "अडुसष्टमध्ये गठ्ठे किती?" विचारलं की सहा असं उत्तर येतं, मग अडुसष्टच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण, सत्तरला किती कमी. एका ओळखीच्या आकड्याभोवती दहा अनोळखी आकडे बसवता येतात. तुमच्या गावात असा आकडा कुठला हे तुम्ही शोधा. एसटीच्या तिकिटाचा असेल, घाटाच्या पायऱ्यांचा असेल.

विडीच्या घरातल्या पोरांकडे आणखी एक ठेवा असतो. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हजार हा शब्द त्यांना शाळेच्या आधी माहीत. एका मुलीच्या घरी पंचवीसचा कट्टा बांधायचे. चार कट्टे म्हणजे शंभर हे तिला पाढे न शिकता येत होतं, आणि आठ कट्टे विचारल्यावर तिनं क्षणात दोनशे सांगितले. तंबाखूची वस्तू मी वर्गात आणत नाही, तेव्हा खराट्याच्या काड्यांचे कट्टे बांधले. तिनं ते ज्या सफाईनं बांधले ते पाहून मला आनंद झाला आणि जरा कससंही झालं. सातव्या वर्षी ही सफाई कुठून आली हे उघडच होतं.

मोजमापाबद्दल फार लिहीत नाही. वितीनं बाक मोजणं, पावलांनी व्हरांडा मोजणं सगळेच करतात. फक्त एक करा, बाईंची वीत आणि पोराची वीत यातून वेगवेगळी उत्तरं आली की लगेच पट्टी काढू नका. भांडू द्या थोडं.

पाण्याच्या कॅलेंडरवर मात्र थांबते, कारण ते आमच्या वर्गाचं खास आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं हे जगजाहीर आहे. आमच्या भागात कधी चार दिवसांआड, कधी पाच. वर्गात भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे, पाणी आलेल्या दिवसावर निळी टिकली लावायची. टिकल्या पोरींच्या घरून येतात. टिकली लावली की प्रश्न: चार दिवसांआड, तर पुढचं पाणी कधी? सोमवारी आलं असेल तर काही जण बोट सोमवारवरच ठेवून चार मोजतात आणि गुरुवार सांगतात. काही जण मंगळवारपासून चार मोजून शुक्रवार म्हणतात. मध्ये चार कोरडे दिवस गेले पाहिजेत, मग शनिवार, हे दोन-तीन जणांनाच सुचतं. त्या दोघा-तिघांना मी समजवायला लावते, आणि ते समजावतातही नामी: "मंगळ, बुध, गुरू, शुक्र, घागर रिकामी. शनिवारी भरली." सुरुवातीचा दिवस धरायचा की सोडायचा, हा गोंधळ मोठ्या माणसांचाही होतो, बँकेत मुदत ठेवीच्या तारखा मोजणाऱ्या कुणालाही विचारा. कधी कधी पाणी रविवारी येतं, तेव्हा टिकली रविवारवर लावायची. अंदाज वेगळा आणि घडलेलं वेगळं, हेही शिकायचंच असतं. महिना संपला की निळ्या टिकल्या मोजायच्या आणि मागच्या महिन्याशी ताडून पाहायच्या. आकडेवारीचा हा पहिला धडा, आणि यात प्रत्येक घराला खरोखरच रस असतो. पालकसभेत एका आजीनं कॅलेंडर पाहून विचारलं, "पुढलं कधी यायलंय म्हणते तुमची पोरं?"

वाचनाकडे येते. तिथंही तत्त्व तेच: शब्द हातात यायला पाहिजे, तुटायला पाहिजे, पुन्हा जुळायला पाहिजे.

पहिल्या आठवड्यात नावांच्या पट्ट्या. दारात टेबलावर सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या पसरलेल्या, आत येताना आपली शोधायची आणि कापडी कप्प्यात खोचायची. हजेरी झाली. आता गंमत बघा. जोडाक्षरं अवघड म्हणून आपण ती शेवटी ठेवतो, आणि पूर्व भागातल्या वर्गात नावं असतात लक्ष्मी, श्रीनिवास, व्यंकटेश. पोरं पहिल्या आठवड्यातच ही नावं ओळखतात, आपलीही आणि मित्राचीही. अक्षरं फोडता येत नाहीत, पण 'श्री' दिसलं की दुकानाच्या पाटीवर बोट जातं. "बाई, श्रीनिवास तिथंपण लिवलाय!" दुकान श्रीगणेशाचं असतं, पण धागा पकडला गेलेला असतो.

अक्षरं मी गटानं घेते, क ते ज्ञ ओळीनं नाही. म, क, ल, न आणि काना. एवढ्यावर कान, नाक, मान, काम, लाल, मका, काल, मामा, काका, कमान, कमाल असे शब्द तयार होतात, म्हणजे पहिल्याच पंधरवड्यात मूल खरं काही वाचतं. ग आला की 'माग' येतो, आणि मागाच्या घरातल्या पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात आवाज करणारी वस्तू दोन अक्षरांत मावली!

अक्षराचं वळण सुतानं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड सूत चिकटवून अक्षर करायचं, जिथून सुरू करायचं तिथं गाठ. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि ओळखायचं. मॉन्टेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरं असतात, त्यांचीच ही सोलापुरी आवृत्ती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला पडलंय ते साहित्य. महागडी लाकडी पेटी नाही म्हणून बालशिक्षण अडत नाही, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर दाखवून दिलं. आपण मात्र अजून ऑनलाइन कार्टमध्ये पेट्या भरत बसतो.

स्वरचिन्हांसाठी टॉवेलच्या पारदर्शक पिशव्या कामाला येतात. पिशवी कापून लहान पट्ट्या करायच्या, प्रत्येकीवर जाड मार्करनं एकच खूण, काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा. पुठ्ठ्याच्या अक्षरावर पट्टी ठेवली की अक्षर बदलतं. 'क'वर मात्रेची पट्टी, 'के'. काढली, पुन्हा 'क'. वेलांटी सरकवता सरकवता पोरांना एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच पाहिजे: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि म्हणायची मात्र नंतर. बाराखडी घोकताना हे निसटतं. पट्टी हातात असली की पोरं विचारतात, ही डावीकडं का? मी सांगते, लिहायची रीत तशी आहे. मग ती 'मि' आणि 'मी' शेजारी मांडतात, पट्ट्या अदलाबदल करतात, आणि वहीतल्या वेलांट्यांच्या चुका पुष्कळ कमी होतात.

लग्नपत्रिका हे तर मला मिळालेलं घबाडच. फुकट मिळतात, कागद जाड, अक्षरं मोठी, आणि त्यात वार, तारीख, वेळ, नाती, पत्ता सगळं असतं. "लग्न कुठल्या वारी? जेवण कधी?" शोधा. एकदा सगळा गट "चि. सौ. कां." वर अडकला. एकीनं निकाल दिला, "नवरीचं नाव चिसौकां हाय." आडनावं आणि फोन नंबर आधी कापून टाकते, तेवढी काळजी घ्या.

लहान पोरांचं वाचन आणि गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेव्हापासून वाचनाचा वेगही मोजला जातो. दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, अर्थासह, असं लक्ष्य आहे. त्यातलं 'अर्थासह' मोबाइलचं स्टॉपवॉच चालू झालं की हवेत विरतं. पोर धापा टाकत वाचतं आणि शेवटी काय वाचलं विचारलं तर, "संपलं बाई." माझा वेगाला विरोध नाही. अडखळत वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी आल्यावर सुरुवात आठवत नाही, हे रोज दिसतं. पण समजलं की नाही हे बघायला माझ्याकडे दुसरा उपाय आहे, चिठ्ठी.

डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. एक उचलायची, मनात वाचायची, बोलायचं नाही, फक्त करायचं. "खिडकीजवळचा डबा आण." "दोन गठ्ठे आणि तीन कांड्या मित्राला दे." "दार लाव आणि उड्या मारत जागेवर ये." बाकी वर्ग बघून ओळखतो की चिठ्ठीत काय होतं, मग चिठ्ठी वाचून ताळा. एक पोरगा "डब्याखालचा कागद आण" ही चिठ्ठी घेऊन उठला आणि डबा उघडून आतला कागद घेऊन आला. अक्षरं सगळी वाचता येत होती, चाचणीत तो 'निपुण'च ठरला असता. 'खालचा' आणि 'आतला' यावर मग आम्ही बराच वेळ घालवला, डबे उलटेपालटे करत. तेलुगू घरातल्या मुलांना मराठीतले वर, खाली, आत, जवळ, पलीकडे हे शब्द हलत्या वस्तूंनीच समजतात, चित्रानं नाही. चिठ्ठ्या लिहायचं काम दिवाळीनंतर पोरांकडेच देते, आणि तेव्हा लेखन असं उसळतं की विचारू नका. "बाईंची पर्स आण." "सगळ्यांना सुट्टी दे." अशा चिठ्ठ्यांमध्ये शुद्धलेखनाची लाल शाई वापरत नाही. "पाणी आलतं" लिहिलं तर ते तसंच वाचते. प्रमाण भाषा पुस्तकात भेटतेच.

पालक अधूनमधून विचारतात, मोबाइलवर काय शिकवता? आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा घराघरांत गेली, त्यामुळं हा प्रश्न वाजवी आहे. मी गोष्टी ऐकवायला मोबाइल वापरते, तेलुगू गोष्टीसुद्धा. पण स्क्रीनवरचा गठ्ठा बोट लावलं की आपोआप सुटतो, आणि कधी सोडायचा हे बऱ्याचदा ॲपच ठरवतं. सहा-सात वर्षांच्या पोरानं ते स्वतः ठरवावं, एवढंच माझं म्हणणं.

आता माझ्यासमोरची अडचण. कांड्या संपत चालल्यात. कारखान्यांत बिनधोट्याचे माग आले, त्यांना कांडी लागतच नाही, सूत थेट कोनवरून, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळावरून जातं. कांड्या भरणाऱ्या आज्यांच्या हातचं काम गेलं ते वेगळंच. मी सध्या पुठ्ठ्याचे रिकामे कोन गोळा करतेय. ते एकात एक बसतात, दहा बसले की एक मनोरा होतो आणि सूत बांधायची गरज राहत नाही. सोडायचा म्हणजे वरचा कोन ओढायचा. यात एक खोट दिसतेय, मनोरा दहाचाच आहे की नऊचा, हे नुसतं बघून कळत नाही, आणि पोरं न मोजता "दहा" म्हणून मोकळी होतात. उपाय म्हणून दहाव्या कोनाला लाल रंग देऊन बघणार आहे. कुणाच्या ओळखीच्या कारखान्यात एकाच मापाचे कोन मिळत असतील तर कळवा. वेगवेगळ्या मापाचे नकोत, ते आत अडकून बसतात आणि मग ओढायला शिपाईमामांना बोलवावं लागतं.